बर्फ घेऊन आलेली पिवळी गाडी

आमच्या गावात बर्फ पहिल्यांदा आला तो रेल्वेने. त्या वेळी नागभीडकडून छोटी गाडी यायची. सिंदेवाहीच्या स्टेशनावर धानाच्या कोंड्यात दडवलेली लादी उतरायची आणि माझे घरधनी बाबूभाई ती बैलगाडीत घालून, वरून ओलं गोणपाट टाकून, गावाकडे निघायचे. घरी पोचेपर्यंत लादी अर्धी झालेली असायची. उरलेल्या अर्ध्यात ते पॉटची आइसक्रीम करायचे. सागाच्या फळ्यांची बादली, तिच्यात कल्हईचा उंच डबा, डब्यात आटवलेलं दूध, डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायला दांडा. दांडा जड झाला की आइसक्रीम झाली. मी सातवी शिकून या गावात सून म्हणून आले. बायांमध्ये तेवढं शिकलेलं कोणी नव्हतं, पण माझं पहिलं वर्ष दांडा फिरवण्यातच गेलं. जत्रेत आमच्या पॉटभोवती पोरांची अशी गर्दी व्हायची की मागच्यांना नुसता दांड्याचा आवाज ऐकू यायचा.

पुढे बाबूभाई गेले. मुलगा मुजफ्फर सिंदेवाहीला वेल्डिंगच्या दुकानात लागला. गावातल्या किराणा दुकानात फ्रीज आला आणि आमचा पॉट माळ्यावर गेला. तो खाली काढला रिना मॅडमने.

रिना मॅडम आरमोरीकडची. गावच्या सरकारी शाळेत पहिली ते चौथी ती एकटी सांभाळायची आणि माझ्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायची. तिच्या शाळेला धोका होता तो पिवळ्या बसचा. बस गुणवंतरावांच्या कॉन्व्हेंटची. तालुक्याला राइस मिल त्यांची, तलावातली मासळी बाहेर पाठवायला लागतो त्या बर्फाचा कारखाना त्यांचा, आणि मागून काढलेली ही शाळाही त्यांची. दरवर्षी ती बस आमच्या गावातली थोडी पोरं उचलून न्यायची. आणखी थोडी गेली तर शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेला जोडू, असं तालुक्यावरून रिना मॅडमला तोंडी सांगून झालं होतं.

शेजारच्या गावचा रस्ता जंगलातून जातो. दोन उन्हाळ्यांमागे त्याच रस्त्याला मोहफुलं वेचायला गेलेल्या सोमाजीला वाघाने नेलं. सोमाजीची बायको कांता शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिची एकुलती एक पोरगी उर्वशी, तिसरीत. शाळा बंद झाली असती तर बाकीच्यांचं काहीतरी जमलं असतं. कोणाचा मामा सिंदेवाहीला होता, कोणी आश्रमशाळेत गेला असता. उर्वशीचं जमणार नव्हतं. कांताने मॅडमला माझ्यादेखत सांगितलं होतं, "मॅडम, त्या रस्त्यानं मी पोरीले पाठवणार नाई. ही शाळा गेली, का तिची शाळा गेली."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळेच्या ओट्यावर सभा बसली. शाळा समितीचे अध्यक्ष रामाजी. त्यांचा नातू प्रफुल उर्वशीच्याच वर्गात. रामाजींचं म्हणणं सरळ होतं. कॉन्व्हेंटची पोरं दुकानात बिस्किटसुद्धा इंग्रजीत मागतात आणि आमची पोरं पाहुण्याला आपलं नाव सांगताना खांबामागे जातात. मग बापाने पोर का पाठवू नये? रिना मॅडमने ऐकून घेतलं आणि पाडव्यापर्यंतची मुदत मागितली. पाडव्याला पोरं सगळ्या गावासमोर इंग्रजीत बोलली तर काय, असं तिने विचारलं.

"तं एकबी पोट्टं गावाबाहेर जाणार नाई," रामाजी म्हणाले. "हा गावाचा शब्द हाय, मॅडम."

सगळ्यांनी हात वर केले. बायांनीही केले. कांताने दोन्ही केले, म्हणून हशा पिकला.

त्याच संध्याकाळी मॅडमची नजर माळ्यावरच्या पॉटवर गेली. हे काय आहे म्हणून तिने विचारलं आणि मी सांगायला लागले. छोट्या गाडीपासून सुरू केलं ते जत्रेपर्यंत आले. तिने मध्येच थांबवून विचारलं, दांडा फिरवायला पोरं भांडायची का? मी म्हटलं, मारामाऱ्या व्हायच्या. ती उठली आणि स्टुलावर चढली.

तिची शिकवायची रीत अशी. दर शनिवारी पोरं दप्तराशिवाय यायची. दूध घरोघरचं, कस्टर्डची पावडर मॅडमची, बर्फ किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये पिशव्यांत जमवलेला. पॉट ओट्यावर मांडला की मॅडम एक शब्द मराठीत बोलायची नाही. बर्फ फोडायचा असेल तर पोराने सांगायचं, आय विल क्रश द आइस. मीठ टाकायचं असेल तर, आय विल ॲड सॉल्ट. दांडा हवा असेल तर, गिव्ह मी द हँडल, प्लीज. जो मागेल त्याच्या हाती. जो मागणार नाही तो बघत बसेल. फळ्यावर काही लिहिणं नाही, पाठ करणं नाही. हात गार पडला की कोल्ड, मिठाचं पाणी बोटाला लावून जिभेवर ठेवलं की सॉल्टी. पहिल्या शनिवारी सगळे मुके. आइसक्रीम नीट गोठली नाही. त्या गोड पाण्याचा एकेक चमचा वाट्याला आला आणि पुढच्या शनिवारी पोरं मागायला शिकली.

उर्वशीचं तोंड सर्वांत आधी उघडलं. आई खिचडी शिजवायची म्हणून ती शाळेत सकाळपासून असायची आणि मॅडमच्या मागे मागे फिरून प्रत्येक वस्तूचं नाव विचारायची, कस्टर्डच्या डब्यावरची इंग्रजी अक्षरंही लावून वाचायची. पळीला काय म्हणतात, धुराला काय म्हणतात, करपलं तर काय म्हणायचं. महिनाभरात ती घरच्या बकरीशी इंग्रजीत बोलायला लागली. कांता मला तक्रारीच्या सुरात सांगायची आणि तिचं तोंड हसायचं. "चाची, बकरीले म्हंते वेट, वेट. बकरी थांबते बी. मले मात्र समजत नाई, तं मी चालतीच."

प्रफुलचं उलटं. त्याला दांडा हवा होता पण मागायचा नव्हता. घरी सगळं न मागता मिळणारं पोर. दोन शनिवार मॅडमने त्याला दांडा दिला नाही. तो रडत घरी गेला आणि रामाजी काठी टेकत शाळेत आले. अध्यक्षाच्या नातवाला दांडा नाही म्हणजे काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मॅडमने त्यांनाही इंग्रजीतच मागायला सांगितलं. पोरं हसली. रामाजी हसले नाहीत.

शेवटी प्रफुलला बोलकं केलं ते उर्वशीने. शाळेमागच्या नळाशी त्याला उभं करून ती एकेक शब्द म्हणायची, तो म्हणायचा. चुकला की ती त्याच्या हातावर पाणी उडवायची. शनिवारी तो पॉटजवळ आला की ती मागे उभी राहून हळूच पुरवायची. मॅडमला दिसत होतं. तिने ते चालू दिलं.

पाडवा जवळ आला तसा पाहुण्याचा प्रश्न निघाला. आमच्याकडे प्रमुख पाहुण्याशिवाय कार्यक्रम होत नाही. बोअरवेलची पूजा असो की बालवाडीतल्या पोरांना रंगपेट्या वाटायच्या असोत, खुर्चीवर बाहेरचा मोठा माणूस बसला पाहिजे, त्याच्या गळ्यात हार पडला पाहिजे, नारळ-शेला दिला पाहिजे. नाहीतर कार्यक्रम झाला असं गाव धरतच नाही. शिवाय सगळ्या गावाला पुरेल एवढी आइसक्रीम करायची तर फ्रीजमधल्या पिशव्यांचं काम नव्हतं, लाद्या लागणार होत्या. बर्फ गुणवंतरावांचा. म्हणून रामाजींनी त्यांचंच नाव काढलं. पाहुणाही मिळेल, बर्फही मिळेल.

मॅडम म्हणाली, ज्याच्या शाळेपासून पोरं राखायची त्यालाच पोरं दाखवायला बोलवायचं का?

रामाजी म्हणाले, "मॅडम, पाहुणा घरी जेवायले येते. घर उचलून न्यायले येते का?"

माणसं हसली. मॅडमलाही बर्फ हवाच होता. ठरलं.

पाडव्याच्या सकाळी बर्फ आला तो पिवळ्या बसमधून. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या मधल्या जागेत लाद्या ठेवलेल्या, वर गोणपाट. गुणवंतरावांचा निरोप होता की टेम्पो मोकळा नव्हता. लाद्या उतरवायला पोरं आत चढली आणि उतरेनात. ड्रायव्हरने त्यांना तळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. खिडक्यांतून पोरांचे हात बाहेर, गाणी, हॉर्न. इकडे मॅडम हातात मिठाची परात घेऊन उन्हात उभी. मी गोणपाट सारून पाहिलं. लादी अंगठाभर झिजली होती. म्हटलं, पूर्वी निदान बैलाच्या चालीने झिजायची.

गुणवंतराव दुपारी आले. माणूस गोड बोलणारा, आवाज कधी चढवायचा नाही. हार झाला, नारळ झाला. मग पोरांनी पॉट मांडला. एकाने बर्फ फोडला, एकीने मीठ टाकलं, प्रत्येकाने आपापलं वाक्य म्हटलं आणि दर वाक्याला टाळ्या पडल्या. प्रफुल पुढे आला, अडला, मागून उर्वशीचे ओठ हलले आणि त्याने दांडा मागितला. रामाजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

शेवटी उर्वशी. तिने मराठी न वापरता सगळं सांगितलं, दूध कुठून आलं, मीठ का टाकायचं, दांडा जड का होतो. गुणवंतरावांनी खुर्ची पुढे ओढली. तिचं नाव इंग्रजीत विचारलं, आईचं विचारलं. ती उत्तरं देत गेली. मग त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवून विचारलं, "विल यू कम इन माय बस?"

"येस सर," उर्वशी म्हणाली. "आय विल कम."

हे मात्र सगळ्यांना समजलं. बस हा शब्द सगळ्यांना येतो. टाळ्या थांबेनात. चुलीपाशी उभी असलेली कांता हातातली पळी तशीच धरून खाली बसली. गुणवंतरावांबरोबर आलेल्या फोटोवाल्याने उर्वशीला पुन्हा दांडा धरायला लावला, मान वर करायला लावली, बरेच फोटो काढले. भाषणात गुणवंतराव म्हणाले की खेड्यातल्या पोरांत एवढी हुशारी असते हे त्यांना माहीत नव्हतं, या हुशारीला मोठी जागा मिळाली पाहिजे. मग पळसाच्या द्रोणांतून आइसक्रीम वाटली. त्यांनी दोन द्रोण खाल्ले.

दुसऱ्या दिवशी रामाजी प्रफुलला घेऊन सिंदेवाहीला गेले आणि कॉन्व्हेंटमध्ये त्याचं नाव घालून आले.

मॅडमला हे दुपारी कळलं. ती तशीच त्यांच्या घरी निघाली, मी सोबत गेले. रामाजी अंगणात बाजेवर बसले होते. मॅडमने गावाच्या शब्दाची आठवण दिली. पोरं बोलली तर एकही बाहेर जाणार नाही, असं ठरलं होतं. पोरं बोलली.

"बोलले म्हणून तं नेऊन राह्यलो," रामाजी म्हणाले. त्यांचा आवाज तुसडा नव्हता, समजावणीचा होता. "तुम्हीच दाखवलं ना मॅडम, पोट्टा हुशार हाय म्हणून. हुशार पोट्ट्याले इथी ठेवून काय करू? ढब्बू असता तं ठेवलाच असता तुमच्यापाशी."

परत येताना वाटेत मॅडमने मला एवढंच विचारलं की तिने त्यांना शिकवायलाच नको होतं का.

मग एकेक करत बहुतेक सगळे गेले. कोणी फीसाठी बैल विकून, कोणी बायकोचं डोरलं गहाण टाकून. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, त्याने नेला म्हणून मी नेला. गुणवंतरावांनी कोणाच्या दारात येऊन एक शब्दही टाकला नाही. त्यांना यावंच लागलं नाही.

मे महिन्यात गावच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. कॉन्व्हेंटची इमारत, कोपऱ्यात गुणवंतराव, आणि मधोमध माणसाहून मोठी उर्वशी, आमच्या पॉटचा दांडा हातात धरून हसणारी. खाली इंग्रजीत मजकूर. लोक जमले पण वाचता कोणाला येईना. शेवटी उर्वशीलाच बोलावून आणलं. तिने बोट न लावता वाचलं, अवर स्टुडंट्स स्पीक इंग्लिश. मग सांगितलं, "म्हंजे आमचे विद्यार्थी इंग्रजी बोलते."

"आमचे म्हंजे कोणाचे वो?" एकीने विचारलं.

"त्याइचे," उर्वशी म्हणाली आणि आपल्या फोटोकडे पाहत राहिली.

कांताने त्याच आठवड्यात लाल चौकड्यांचं कापड आणलं आणि कॉन्व्हेंटचा फ्रॉक शिवायला माझ्याकडे दिलं. मी आणि रिना मॅडमने तिला सांगून पाहिलं, आधी ऑफिसात जाऊन विचारून ये. तिला आमचंच आश्चर्य वाटलं. साऱ्या गावासमोर पाहुण्याने पोरीला विचारलं, पोरीने हो म्हटलं. आमच्याकडे एवढ्यावर सोयरिकी ठरतात. "आन् फोटो लावला म्हणजे नाव लावलंच ना, चाची," ती म्हणाली. मी मशीन काढली. फ्रॉकचं कापड थोडं जास्त होतं, म्हणून दोन वर्षं पुरेल असा आत दुमडून शिवला.

जूनमध्ये शाळा जोडल्याचा हुकूम आला. शाळेत चारच पोरं उरली होती. रिना मॅडमची बदली जिवतीकडे, पार डोंगरात झाली. कांताचं खिचडीचं काम गेलं. मॅडम गेली त्या सकाळी तिला सोडायला फाट्यावर मी होते आणि उर्वशी होती, बाकी कोणी नाही. ज्यांची पोरं तिने बोलती केली ते आपापल्या बांधावर होते, काहींनी तिथून हात हलवला. मॅडमने पॉट परत माळ्यावर ठेवून दिला होता, पुसून.

कॉन्व्हेंट सुरू झालं त्या दिवशी कांता उर्वशीला घेऊन पहाटेपासून फाट्यावर उभी. मीही गेले. पोरीची आंघोळ झालेली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, लाल चौकड्यांचा फ्रॉक. फ्लेक्सखालीच उभी होती, म्हणून दोन उर्वशी दिसत होत्या. बस आली. पोरं चढली, सगळ्यांत पुढे प्रफुल. उर्वशी पायरीवर पाय ठेवायला गेली तशी आतल्या बाईने हात आडवा घातला. नाव विचारलं. नाव नव्हतं.

कांताने वर बोट दाखवलं. "हे काय, हीच तं हाय."

बाईने वर पाहिलं, खाली पाहिलं. म्हणाली, फोटोत कोणीबी असू शकते, गाडीत नाव पाहिजे. तोवर उर्वशी त्या हाताखालून निसटून खिडकीशी गेली आणि तिने प्रफुलला हाक मारली. त्याने बाईला सांगावं, की ही आमच्यातलीच आहे. प्रफुलने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने काच सारून खिडकी बंद केली. बस गेली.

परत येताना विहिरीवरच्या बायांना तेवढा विषय पुरला. "काऊन वो कांते, गाडी चुकली का?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, राणीसाहेबाले आता मोटार येईन न्यायले. कांताने मान खाली घातली नाही. ती सरळ घरी गेली, भाकर फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, सिंदेवाहीला चला.

गुणवंतरावांनी आम्हाला बाहेर ताटकळत ठेवलं नाही. ऑफिसात बसवलं, चहा मागवला. बाबूभाईंची आठवण काढली. "भाभी, लहानपणी जत्रेत त्याइच्या हातची आइसक्रीम खाल्ली म्या. तशी चव आता नाई." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच संताप आला. उर्वशी आईच्या आड न लपता पुढे उभी होती.

कांताने सगळं सांगितलं. तो रस्ता, सोमाजी, बंद झालेली शाळा. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले. मग म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण एकाला फीशिवाय तसंच घेतलं की दहा जण दारात उभे राहतात. सरकारने दुसरी शाळा दिलीच आहे, तिथे पाठवा. रस्त्याचं म्हणाल तर जंगल सगळीकडेच आहे.

"मालक, तुम्ही साऱ्या गावासमोर विचारलं होतं," कांता म्हणाली. "गाडीत येशील का म्हणून. ते हो म्हटली."

गुणवंतराव हसले. हसू वाईट नव्हतं, एखाद्या लहान मुलाच्या समजुतीवर मोठा माणूस हसतो तसं होतं.

"अवं बाई, पोट्टीले इंग्रजी येते का नाई ते पाहून राह्यलो होतो मी. तो सवाल होता. सवालाले उत्तर दिलं तिनं. बराबर दिलं."

मी उर्वशीकडे पाहिलं. तिने हात मागे बांधले होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. टेबलावरच्या काचेखाली तिचाच तो फोटो होता, लहान केलेला, आणि ती त्याच्याकडे पाहत होती.

कांताने शेवटचं म्हणून फ्लेक्सचं काढलं. फोटो तर तुमच्या शाळेचा म्हणून लावला आहे, मग पोरगी तुमची कशी नाही. त्यावर गुणवंतराव जरा गंभीर झाले. त्यांनी वहीत काही टिपलं आणि म्हणाले, "हां, हे बराबर नाई झालं. तुम्हाले तरास होत असन तं फोटो काढून टाकतो." आणि उठून आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

आठवड्याने फ्लेक्स बदलला. तीच इमारत, तेच गुणवंतराव, तोच पॉट, तेच हात. मानेच्या वर मात्र प्रफुलचा चेहरा. छापणाऱ्याने फक्त डोकं बदललं होतं. दांडा धरलेल्या मनगटांत काळ्या काचेच्या बांगड्या तशाच राहिल्या होत्या. पोरं बसमध्ये चढता-उतरता प्रफुलला बांगड्यांवरून चिडवायची, म्हणून रामाजींनी एका दुपारी शिडी लावून तेवढ्या जागेवर पिवळा रंग फासला. कांता ते पाहत उभी होती. म्हणाली, बरं झालं, आता कोणी थांबवून विचारत नाही की पोरगी कोणत्या शाळेत जाते म्हणून.

मी तिला म्हटलं होतं, पोरीला माझ्याकडे ठेव, मुजफ्फरच्या घरी सिंदेवाहीला मीही जाऊन राहते, तिथल्या शाळेत घालू. त्याची एक खोली, त्यात त्याची बायको आणि तीन पोरं. कांताने माझा हात धरला आणि म्हणाली, "चाची, तुम्हीच तिथी जागा नाई म्हणून इथी राहता. मले माहीत हाय." ते खरंच होतं.

पाऊस लागला, तळ्याखालच्या धानाच्या बांध्यांत चिखल झाला. एका संध्याकाळी जिवतीहून रिना मॅडमचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. तिथे रेंज मिळत नाही, कुठल्याशा टेकडीवर चढून ती बोलत होती. माझी चौकशी झाली, मग तिने उर्वशीला मागितलं. मी पोरीला हाक मारून आणलं आणि आवाज मोठा करून फोन तिच्या हातात दिला. मॅडमने जुन्या सवयीने इंग्रजीत विचारलं, कशी आहेस, काय करतेस.

उर्वशीने फोन तोंडापासून जरा लांब धरला. सगळं तिला समजलं होतं, ते मला दिसत होतं. मॅडमने पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सोडवून.

"मले इंग्रजी नाई येत, मॅडम," ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

मॅडम पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली. मी तिला सांगितलं की रेंजमुळे पोरीला नीट ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या सकाळी रोवणा सुरू झाला. धानाची रोपं लावायला रामाजींच्या बांधीत बायांची रांग उतरली आणि कांताबरोबर उर्वशीही उतरली. फ्रॉक तोच होता, लाल चौकड्यांचा, चिखल लागू नये म्हणून कमरेशी खोचलेला. माझ्या घराच्या ओट्यावरून मला सगळं दिसत होतं. बायांनी तिला मध्ये घेतलं नाही, लहान हात रांग मोडतो म्हणून. आईच्या डाव्या हाताला, बांधाकडची एक ओळ तिला दिली. बांधावरून छत्री घेतलेले रामाजी ओरडून सांगत होते की रोप सरळ धर, तिरपं नको, आणि ती सरळ धरून लावत मागे मागे सरकत होती.